बीडचा लाल बावटा आणि मॉस्कोचा



सोव्हिएत संघ कोसळला त्याची कहाणी बर्लिनच्या भिंतीपासून सांगायची रीत आहे. मी ती चौसाळ्यापासून सांगणार आहे. बीडहून सोलापूरकडं निघालं, मांजरसुंब्याचा घाट चढला, की पुढं त्याच रस्त्यावर चौसाळा लागतं. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत विधानसभेचा एक मतदारसंघ या गावाच्या नावानं ओळखला जायचा. बालाघाटाचा माळ, पावसाचा भरवसा नाही, दिवाळीच्या आगंमागं टोळ्या ऊसतोडीला निघतात. असल्या मुलखाचा मॉस्कोशी काय संबंध, असं कुणी विचारील. तर या बीड जिल्ह्यानं दिल्लीला तीनदा डावा खासदार पाठवलाय.

पहिल्यांदा १९५२ साली. हैदराबाद संस्थान भारतात येऊन चार वर्षंही झाली नव्हती. तेलंगणातल्या सशस्त्र लढ्यामुळं संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी, म्हणून ती मंडळी पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नावानं उभी राहिली. बीडमधून या फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. निजामीतली वेठ, जहागिरी आणि रझाकारांचा धुमाकूळ लोकांच्या अंगावर अजून ताजा होता. त्यांना मार्क्स वाचायची गरज नव्हती.

दुसऱ्यांदा १९६७ साली, आणि या वेळचा उमेदवार होता क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्याचं प्रतिसरकार चालवणारा, येडेमच्छिंद्रचा हा गडी १९५७ साली उत्तर साताऱ्यातून खासदार झाला होता. दहा वर्षांनी तो भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून लोकसभेत गेला. परजिल्ह्यातला माणूस म्हणून बीडकरांनी त्याला परका मानलं नाही. आजच्या उमेदवारीच्या वाटाघाटी पाहताना मला याचं फार नवल वाटतं.

तिसऱ्यांदा १९७७ साली गंगाधर अप्पा बुरांडे. ते मार्क्सवादी पक्षाचे. त्या वर्षी महाराष्ट्रातून या पक्षाचे तिघे लोकसभेत गेले. मुंबईतून अहिल्याताई रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि बीडमधून बुरांडे.

आता इथं एक गंमत बघा. १९६४ मध्ये पक्ष फुटला. रशिया आणि चीन यांच्यातल्या भांडणाची त्या फुटीवर दाट सावली होती. नाना पाटलांचा पक्ष मॉस्कोच्या जवळचा, बुरांडेंचा पक्ष मॉस्कोपासून अंतर राखून असलेला. आणीबाणीत एकानं इंदिराबाईंना साथ दिली, दुसऱ्यानं विरोध केला. पोथीत डोकं घालणाऱ्यांसाठी हा जमीन-अस्मानाचा फरक. आणि मतदारानं? दहा वर्षांच्या अंतरानं दोघांनाही मत दिलं. त्याला हवा होता दुष्काळात काम मागायला, मजुरीसाठी भांडायला तहसीलवर जाणारा माणूस. तो कुणाच्या पोथीतला आहे हे त्यानं विचारलं नाही.

महासत्तांची स्पर्धा म्हटलं की अणुबॉम्ब, क्षेपणास्त्रं आणि चंद्रावरची यानं डोळ्यांपुढं येतात. आमच्या भागात ती स्पर्धा आली रेशनच्या दुकानात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना लाल मिलो सांगायला नको. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापताना कडा चिरायच्या, गार झाली की तोडायला दोन्ही हात लागायचे. दिवसभर पाझर तलावावर नाहीतर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मस्टरवर हजेरी लावायची, मिळाली तर सुकडी खायची आणि संध्याकाळी ही भाकरी. जेमतेम वर्षापूर्वी, डिसेंबर १९७१ मध्ये, याच अमेरिकेनं बांगलादेशच्या युद्धात बंगालच्या उपसागराकडं सातवं आरमार धाडलं होतं, आणि ऑगस्ट १९७१ च्या मैत्री कराराला जागून सोव्हिएत संघ आपल्या बाजूनं उभा होता. आरमार पाठवणाऱ्याचीच ज्वारी आम्ही खाल्ली. १९७३ मध्ये सोव्हिएत संघानं भारताला वीस लाख टन गहू उसना दिला. पोत्यातला दाणा कुठल्या देशाचा, हे चुलीपुढं बसलेल्या बाईला कळत नव्हतं आणि त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

पण एक गोष्ट तेव्हा आपल्याकडं फारशी कुणी मोठ्यानं बोलली नाही. सोव्हिएत संघाचं स्वतःचंच पीक १९७२ मध्ये बसलं होतं. त्यांनी त्या वर्षी धान्य खरेदी केलं, तेही भरमसाट, आणि कुणाकडून, तर अमेरिकेकडून! युक्रेनची काळी कसदार जमीन ज्या देशाच्या पोटात, तो देश वैऱ्याच्या दारात गहू मागायला उभा. हे एका वर्षाच्या पावसामुळं झालं नव्हतं. १९२९ पासून स्टालिननं शेतकऱ्याची जमीन, जनावरं सामुदायिक शेतीत ओढली, शहरं आणि कारखाने उभे करायला गावातलं धान्य सक्तीनं उचललं. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली आणि धान्याची निर्यात चालूच होती. आपल्याकडं शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत की शेती लुटून उद्योग उभारायचा हा रस्ता साम्यवाद्यांनीही धरला. बाकी बाबतींत त्यांच्याशी भांडावं, इथं मात्र त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

बहात्तरच्या महाराष्ट्रातही हाल झाले. जनावरं कसायाला गेली, माणसं मुंबई-पुण्याला गेली. पण मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विरोधी पक्ष विधानसभेत सरकारला धारेवर धरत होते, आणि सरकारला पुढच्या निवडणुकीची धास्ती होती. म्हणून कामं निघाली, आणि त्यातूनच वि. स. पागे यांच्या नावाशी जोडली गेलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यापर्यंत पोचली. त्या मोर्चांत लाल बावटा पुढं होता. युक्रेनच्या शेतकऱ्याला मोर्चा काढायची सोय नव्हती, आणि तिथं सत्ता लाल बावट्याचीच होती. आपल्याकडच्या कॉम्रेडांनी हे वेळेवर आणि स्पष्ट बोलायला हवं होतं. बहुतेक जण गप्प राहिले. माझा त्यांच्यावरचा राग एवढाच आहे.

आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून रेडिओचीही गोष्ट सांगतो. शॉर्टवेव्हवर काटा फिरवला की मॉस्को रेडिओ आपल्या भाषांतून बोलायचा. पारावर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्यांना बीबीसी हिंदी आणि मॉस्को दोन्ही माहीत. ज्या देशानं आपला आवाज आमच्या पारापर्यंत आणला, तोच देश बाहेरचा आवाज आपल्या माणसांच्या कानी पडू नये म्हणून त्याच लहरींवर खरखर सोडत होता! ती खरखर गोर्बाचेव्ह यांच्या काळात, १९८८ च्या अखेरीस पूर्ण थांबली. ती थांबल्यावर ते राज्य तीन वर्षंच टिकलं.

मार्च १९८९ मध्ये सोव्हिएत मतदारापुढं सात दशकांत पहिल्यांदा निवड करण्याजोगी निवडणूक आली. बऱ्याच ठिकाणी पक्षाचे बडे चिटणीस पडले. लेनिनग्राडचा पक्षप्रमुख पडला, आणि तोही त्याच्याविरुद्ध कुणी उभा नसताना. लोकांनी त्याच्या नावावर काट मारली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्याकडं लोकसभेचं मतदान झालं. टोळ्या फडावर पोचण्याचे ते दिवस. बीडनं काँग्रेसला बाजूला सारून जनता दलाचे बबनराव ढाकणे निवडून दिले.

बीडचा लाल बावटा तोवर लोकसभेच्या शर्यतीतून मागं पडलेला होता. मॉस्को पडल्यामुळं तो पडला असं म्हणणं सोपं आहे, पण तारखा ते मान्य करत नाहीत. १९८० मध्येच ही जागा इंदिरा काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागरांकडं गेली. साखर कारखाना, बँक आणि दूध संघ हातात असलेल्या पुढाऱ्यापुढं नुसता मोर्चा काढणारा कार्यकर्ता किती दिवस टिकणार? ऊसतोड मजुराच्या मनाला हात घातला तो ढाकण्यांसारख्या आणि गोपीनाथ मुंड्यांसारख्या त्याच्याच समाजातल्या नेत्यांनी. वर्गाची भाषा डाव्यांकडं होती. मजूर जातीच्या आणि संत भगवानबाबांच्या आधारानं एकत्र येत होता, आणि हे समजून घ्यायला डाव्यांना वेळ लागला. नंतर मंडल आलं, अयोध्या आली. १९९६ मध्ये बीडची खासदार भाजपची झाली. नाना पाटलांपासून तिथपर्यंत एकोणतीस वर्षं.

म्हणजे इथला लाल बावटा मतपेटीतून आला आणि मतपेटीतूनच मागं हटला. कुणी रणगाडा आणला नाही, कुणाला पुतळा पाडावा लागला नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत कट्टरपंथीयांनी रणगाडे रस्त्यावर आणले, आणि तीन दिवसांत तो डाव फसला. निवडणुकीत हरायची सवयच सोव्हिएत पक्षाला कधी लागली नव्हती. बीडच्या कॉम्रेडांना ती होती, आणि ती सवय हा त्यांचा मोठेपणा आहे असं मी मानतो.

१९९१ हे वर्ष तसंही विलक्षण गेलं. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत श्रीपाद अमृत डांगे गेले. भारतातल्या साम्यवादी चळवळीच्या आरंभापासूनचा हा माणूस. आदल्या दिवशीच्या बातमीच्या गदारोळात त्यांच्या जाण्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. सोव्हिएत संघाचा शेवट त्यांनी पाहिला नाही. तो सात महिन्यांनी झाला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले.

या पडझडीचा धक्का आपल्याला त्याआधीच बसला, तो खिशाला. आपल्या निर्यातीचा साधारण सहावा हिस्सा तिकडं जात होता, आणि व्यवहार रुपयात होता, डॉलर लागत नव्हते. ते गिऱ्हाईक लुळं पडलं, आखाती युद्धानं तेल महागलं, आणि देशावर परदेशात सोनं गहाण टाकायची पाळी आली. २४ जुलैच्या अर्थसंकल्पानं पुढची दिशा ठरली. दोन महासत्ता होत्या तोवर गरीब देशाला ठोठवायला दोन दारं होती. एकानं हाकललं तर दुसऱ्याकडं जाता येत होतं, दुसऱ्याची भीती पहिल्याला घालता येत होती. नंतर एकच दार उरलं. सोव्हिएत राजवट गेली याचं मला दुःख नाही, पण हे दुसरं दार बंद झालं ते आपल्याला महागात पडलं.

आणि पुस्तकं गेली. प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं. जाड कागद, पक्की बांधणी, मुलांच्या पुस्तकांत पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत मास्तरच्या पगाराला परवडणारी. अनिल हवालदारांसारखी मराठी माणसं मॉस्कोत बसून अनुवाद करत. लोकवाङ्मय गृहामार्फत ती खेड्यापाड्यांत पोचायची. प्रचार त्यात होताच, पण टॉल्स्टॉय आणि चेखॉव्हही होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला त्या किमतीत तसली चित्रं पुन्हा कुणी दिली नाहीत. गोविंद तळवलकरांनी पुढं त्या साम्राज्याच्या उदयास्तावर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यांना हा सगळा पट समजून घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर वाचावा.

जानेवारी १९९२ मध्ये मद्रासला मार्क्सवादी पक्षाचं अधिवेशन भरलं. सोव्हिएत चुकांची कबुली दिली, बावटा मात्र खाली ठेवला नाही. बीडमध्येही तो पुरता उतरला नाही. खासदार कधीचा गेला, पण किसान सभा आहे, शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची संघटना आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडावर पाचटाची कोपी. यातलं मॉस्कोत काही घडलं म्हणून बदललं नाही. हंगामाच्या तोंडावर साखर संघाशी दरवाढीची बोलणी होतात, तेव्हा समोर बसणाऱ्या संघटनांत लाल बावट्याचीही एक असते. तिथं गोर्बाचेव्हचा विषय कुणी काढत नाही. टनामागं किती वाढवून देता, एवढंच विचारलं जातं.