बावखलांचे राखणदार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हांवर एक सुखद कामगिरी सोंपविण्यांत आली आहे. देवळाच्या बांधणीसाठीं ज्यांनीं देणग्या दिल्या व शाळेसाठीं ज्यांनीं श्रम वेंचले, त्यांचा गौरव कालच्या सभेंत झाला. आज ज्यांचा गौरव करावयाचा आहे त्यांनीं पूर्वजांनीं खणलेलें व आपण बुजूं दिलेलें बावखल पुन्हां उकरून काढलें. व्यासपीठावर बसण्याचा आग्रह केला असतां त्यांतील बहुतेकांनीं नम्रपणें नकार दिला. स्मरणिकेंत आपलीं नांवें छापूं नयेत अशीहि त्यांची इच्छा आहे. त्या इच्छेचा मान राखून आम्ही त्यांच्या कामाविषयींच बोलणार आहों.

बावखल म्हणजे काय हें आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावें लागत नाहीं. परंतु समोर बसलेल्या मुलांसाठीं तें सांगणें अवश्य आहे. आपली वसई पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेची खाडी अशी तिन्ही अंगांनीं खाऱ्या पाण्यानें वेढलेली आहे. पावसाळ्याचे चार महिने अमाप गोडें पाणी पडतें, आणि तें अडविलें नाहीं तर उतारानें खाडीस मिळतें. म्हणून आपल्या पूर्वजांनीं वाड्यांच्या मधोमध सखल जागीं विस्तृत खड्डे खणले, निघालेली माती वाडीच्या व घराच्या भरावास वापरली, आणि पावसाचें पाणी त्या खड्ड्यांत सांठविलें. हेंच बावखल. त्याच्या कांठीं झाडें वाढलीं, पाण्यांत मासे आले, बगळे व खंड्या आले. रहाटाला जुंपलेला बैल फिरूं लागला म्हणजे गाडग्यांतून पाणी पाटांत पडे व केळीस, पानवेलीस, मोगऱ्यास आणि भाजीपाल्यास मिळे. मुंबईच्या बाजारांत आपल्या आयाबहिणी जीं फुलें व जी भाजी नेत, राजेळी केळ्यांची जी सुकेळी घरोघर होत असे, त्यांच्या मागें ह्याच पाण्याचें बळ होतें.

ह्याहून मोठा उपयोग मात्र डोळ्यांस दिसत नसे. किनाऱ्यालगतच्या जमिनींत गोडें पाणी वजनानें हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्याच्या थरावर तरंगत असतें. उपसा अधिक व मुरवणी कमी झाली कीं खालचें खारें पाणी वर सरकतें आणि विहीर मचूळ होते. बावखलांतून सावकाश झिरपणारें पाणी ह्या गोड्या थराची दरवर्षीं भरपाई करीत असे.

पुढें विजेचे पंप आले, रहाट मोडले, घरांत नळ आले. १९९० नंतरच्या काळांत जमिनीस सोन्याचा भाव आला. विहिरींवर टँकर भरूं लागले. बावखल हें निरुपयोगी डबकें ठरलें. कोणी त्यांत कचरा टाकला, कोणी भराव घातला. हें सर्व परक्यांनींच केलें असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु महोत्सवाचें वर्ष हें आत्मपरीक्षणाचें वर्ष आहे, म्हणून स्पष्ट बोलणें बरें. त्यांतील कित्येक बावखलें आपल्याच सातबाऱ्यांतलीं होतीं, आणि भरावास संमति देणारी सहीहि आपलीच होती.

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची कथा आहे. त्याचा बाप आब्राहाम याच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां खणल्या आणि बापानें ठेविलेलींच नांवें त्यांस दिलीं. त्या कथेंत बुजविणारे परके होते. आपल्या कथेंत बुजविणारे व खणणारे एकाच पंगतीस जेवतात आणि एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात.

ह्या भूमीसाठीं झटणारे हे पहिलेच नव्हेत. गेल्या शतकाच्या अखेरच्या काळांत रेव्ह. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें वसईचें पाणी, झाडें व शेती राखण्यासाठीं चळवळ उभारली. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षें संपादक, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले फादर २५ जुलै २०२४ रोजीं प्रभुचरणीं विसावले. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत पृथ्वीस आपलें सामायिक घर म्हटलें, तेव्हां वसईकरांस ती शिकवण परकी वाटली नाहीं.

आमच्या सत्कारमूर्तींनीं मात्र मोर्चा काढला नाहीं कीं भाषण केलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आठ-दहा जण फावडीं व घमेलीं घेऊन देवळामागील बावखलांत उतरले. त्यांत एक निवृत्त शिक्षक, दोघी भाजीवाल्या बहिणी, एक रिक्षावाले व शाळेंतलीं मुलें होतीं. पहिले कित्येक रविवार मिस्सानंतर केवळ प्लास्टिक, बाटल्या व इमारतींचा राडारोडा काढण्यांत गेले. मग जलपर्णी, मग गाळ. गाळ वाड्यांस वांटला. पाणी येण्याची जुनी वाट एका कुंपणाखालीं दबली होती. मालकाची समजूत घालण्यास गाळ काढण्याहून अधिक दिवस लागले. "काका, घरांत नळ असतां हें डबकें कशाला?" असें तरुण विचारीत. "नळ आला तो दुसऱ्याच्या नदीचा, बाळा, हें आपलें," एवढेंच उत्तर मिळे.

पावसांत बावखल भरलें. पुढील उन्हाळ्यांत शेजारच्या वाडीची विहीर मे महिन्याच्या अखेरपर्यंत गोडी राहिली. एका विहिरीवरून सिद्धांत मांडूं नये हें खरें. परंतु त्या वाडींतील कुटुंबास सिद्धांत नको होता, पाणी हवें होतें. आणि जुलै २०१८ मधील पूरहि आपण विसरलों नाहीं. आगगाड्या बंद पडल्या, वीज गेली, घरांत पाणी शिरलें. पाण्यानें थांबण्याच्या व मुरण्याच्या जागा आपण घेतल्या, म्हणजे तें आपली जागा घेणारच.

लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावा आणि विकलेली भूमि मूळ धन्यास परत मिळावी. कारण भूमि परमेश्वराची आहे, आपण तिच्यावर केवळ पाहुणे. हा महोत्सव त्याच पन्नासाव्या वर्षाचा असल्यानें शाल व श्रीफळ देऊन हा सत्कार पुरा होत नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून आम्ही दोन विनंत्या करितों. प्रत्येक विभागानें आपल्या हद्दींत उरलेल्या बावखलांची यादी करून येत्या पावसाळ्यापूर्वीं धर्मगुरूंकडे द्यावी. आणि ज्यांच्या जमिनींत बावखल आहे त्यांनीं तें न बुजविण्याचा संकल्प आज करावा. आजारपणास व मुलांच्या शिक्षणास पैसा लागतो, हें आम्ही जाणतों. ज्याच्यावर जमीन विकण्याची वेळ आली त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु विकणें भागच पडलें तर तेवढें बावखल वगळून विकावें. त्याच्या पाण्यावर शेजाऱ्याच्या विहिरीचाहि हक्क आहे.

याकोबाच्या विहिरीपाशीं थकून बसलेल्या प्रभु येशूनें शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितलें. ती विहीर पूर्वजांनीं खणली होती व पुढच्यांनीं राखली होती, म्हणूनच तेथें पाणी होतें. आपल्या दारीं तो तहानेला येईल, त्या दिवशीं त्याच्या ओंजळींत घालावयास आपल्या विहिरींत गोडें पाणी असावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.