आधी पाय, मग एमआरआय



आज मी एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे. कमरेतून निघून कुल्ला, मांडी, पोटरी करत पावलापर्यंत उतरणारी कळ, हे ते दुखणं. चरकसंहितेत गृध्रसीच्या वेदनेची हीच उतरती वाट सांगितली आहे. नेपल्सच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये सांध्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं वेगळं काढलं. पुढे १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी फाटलेली चकती नसेच्या मुळावर येते हे दाखवून दिलं.

तेव्हापासून ‘नस दबली’ हे आपल्या मनात पक्कं बसलं. दाब असतोच, पण चकतीतला गर नसेच्या मुळाला दाहानेही चिडवतो. १९९३ साली स्वीडनच्या संशोधकांनी डुकरांच्या नसांच्या मुळांवर हा गर दाब न देता नुसता ठेवला, तरी नसेतून संदेश जाण्याचा वेग मंदावला. दिलासा देणारी गोष्ट अशी की बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा शोषून घेतं आणि सुटा झालेला मोठा तुकडा तर अधिकच आटतो. हे आपण रुग्णाला सांगतो का? त्याच्या कानावर पडतं ते एवढंच: गादी सरकली, मणक्यात गॅप पडला, आता वाकायचं नाही. कळ थांबल्यावरही तो माणूस वर्षानुवर्षं पट्टा बांधून, खाली पडलेली वस्तू उचलायला भीत जगतो. ही भीती त्याला आपण दिलेली असते.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. म्हणून रिपोर्ट पायाशी जुळला तरच त्याला अर्थ आहे. अंगठा वर उचलताना ताकद कमी पडली तर एल-फाइव्हकडे पाहावं. चवड्यावर उभं राहता येत नसेल, घोट्याचा झटका मंदावला असेल तर एस-वनकडे. पाय सरळ उचलून पाहायलाही मिनिटभर पुरतं. तरीही रुग्णासोबत येणाऱ्या चिठ्ठ्यांत रिपोर्टची तारीख असते, अंगठ्याची ताकद नसते. मला हे फार खुपतं.

उपचारांचंही तसंच. प्रीगॅबालिन आपण सर्रास लिहितो. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिने पायाची कळ कमी केली नाही, चक्कर मात्र वाढवली. पडून राहण्याचा फायदा नाही, हे नेदरलँड्समध्ये १९९९ सालीच दिसलं: झोपून राहिलेले आणि हिंडतेफिरते, दोन्ही गटांत बारा आठवड्यांनी ८७ टक्के लोक सुधारले होते. त्याच देशातल्या २००७ च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ थांबून पाहणाऱ्यांपेक्षा लवकर गेली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबायचं ठरवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांवर त्या वर्षात शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही लपवू नये.

आता हे आकडे आपल्या ऊसतोडीच्या फडावर नेऊन पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. तिचा एक दिवस बुडला की खाडा पडतो आणि नवराबायकोचा मिळून असलेला अख्खा कोयता अडतो. तिला “दोन महिने जड उचलू नका” म्हणणं सोपं आहे. पण ते दोन महिने तिच्या मालकीचे नाहीत. ती वेदनाशामक गोळ्यांवर हंगाम काढते आणि पाय ओढत गावी परतते. वर्षाअखेरीस दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, हे खरं. पण मधले महिने कोणाच्या जिवावर काढायचे, हे अभ्यास सांगत नाही. तो निर्णय तिच्याशी बोलूनच व्हायला हवा. मोळी बांधायचं काम तिच्याकडे आणि चढवायचं दुसऱ्याकडे देता येईल का, हे मुकादमाला विचारणं मी उपचाराचाच भाग मानतो.

काही रुग्णांना मात्र थांबवायचं नाही. ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याचा क्षय शोधावा. बसण्याच्या जागी बधिरपणा, अडलेली किंवा नकळत होणारी लघवी, दोन्ही पायांत कळ, यांतलं काहीही दिसलं तर एमआरआय त्याच दिवशी हवा. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. बायका हे आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून नर्सबाईंना किंवा आशाताईंना हे प्रश्न शिकवून ठेवावेत. माझी विनंती आहे की, रात्री एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतील असं आपल्या भागातलं जवळचं रुग्णालय प्रत्येकाने या महिन्यातच शोधावं, तिथल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि तो नंबर कंपाउंडरच्या टेबलासमोर लावावा.