अल्प धनात घरी घडविलेली मोटारसायकल
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



तरुणांना उपयोगी पडेल असा एखादा उद्योगपर विषय घ्यावा, अशी कार्यकारी मंडळाची सूचना होती. घरच्या घरी, बेताच्या पैशात, आपल्या मनाजोगी मोटारसायकल बांधण्याचा विषय मी कळविला तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. त्याचे मला नवल वाटले नाही. आपल्या घरांतून लेखणीला जो मान आहे तो कानशीला नाही. मुलाने कर्ज काढून नवी गाडी आणली तर आपण पेढे वाटतो, आणि जुनी गाडी अंगणात उलगडून बसला तर त्यास वाया गेला म्हणतो! आज मला बोलावयाचे आहे ते या समजुतीविरुद्ध.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकास इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे. तेथील बर्ट मन्रो या गृहस्थांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल विकत घेतली. नावावरून गैरसमज नको. ती गाडी अमेरिकेत, स्प्रिंगफील्ड येथे तयार होई. तिचा मूळ वेग ताशी ५५ मैल. १९२६ पासून मन्रोंनी तिच्यात फेरफार आरंभिले आणि पुढील चार दशके ते थांबले नाहीत. मोटारसायकली विकून ते पोट भरीत आणि रात्री आपल्या शेडमध्ये काम करीत. पदरी पैसा नव्हता, म्हणून जुन्या डब्यांचे साचे करून त्यांनी पिस्टन ओतले. ट्रॅक्टरच्या जुन्या आसाचे पोलाद हाताने कोरून कनेक्टिंग रॉड घडविले. मोजमापास चाकाची जुनी तार वापरली. मोडलेले भाग त्यांनी फेकले नाहीत. ते फळीवर मांडून ‘वेगदेवतेस अर्पण’ अशा अर्थाची पाटी तेथे लिहून ठेविली. ही फळी मला त्यांच्या साऱ्या विक्रमांहून अधिक बोलकी वाटते; किती वेळा पुनश्च हरिओम करावे लागले याचा तो हिशेबच होता.

१९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर त्यांनी १,००० सीसीखालील गटात ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम केला. त्या आकडेमोडीतील चूक त्यांच्या मुलाच्या ध्यानी आली आणि २०१४ मध्ये तो आकडा १८४.०८७ असा दुरुस्त झाला. मन्रो १९७८ मध्येच निवर्तले होते.

तथापि, तरुण मित्रांनो, ते ओसाड मैदान होते. आपल्यापुढे शाळेची मुले ओलांडतात असा रस्ता आहे. शिवाय आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. निर्मात्याने ठरविलेला व नोंदणीत उतरलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकास करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कागदपत्रे शाबूत असलेली जुनी गाडी घ्यावी, इंजिन व सांगाडा मूळचाच राखावा, आणि बाकी जे काही बदलावयाचे त्याविषयी परिवहन कार्यालयात आधी विचारावे. कर्णकर्कश सायलेन्सरास तर मी कलाकुसर मुळीच म्हणणार नाही.

खर्चाचा क्रम बहुतेक मुले उलटा लावतात. रंग प्रथम आणि ब्रेक शेवटी! वस्तुतः पहिला पैसा ब्रेक, टायर, केबल आणि चाकांच्या बेअरिंगवर जावा. पुढचे व मागचे चाक एका रेषेत आहे की नाही हे दोन बाजूंनी सुतळी ताणून घरीच पाहता येते. त्यास दमडी लागत नाही. उलगडताना प्रत्येक नटबोल्ट कोठला हे चिठ्ठी लावून निरनिराळ्या डब्यांत ठेवावे. सिलिंडर घासून मोठा करणे हे लेथवाल्याचे काम, त्याचे त्यालाच द्यावे. सांगाड्याचे वेल्डिंगही तसेच. दोन महिने थांबावे लागले तरी चालेल, परंतु तेथे काटकसर नको. रंग अखेरीस, आणि तो घरी दिला तरी बिघडत नाही.

पेट्रोलच्या टाकीविषयी मात्र निक्षून सांगतो. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ उरते आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. अशी टाकी घरी झाळण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. जाणत्या कारागिराकडेच न्यावी.

कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. आपल्या सभागृहामागील खोलीत मोडक्या खुर्च्या पडून आहेत. ती रिकामी करून रविवारी सकाळी मुलांना आणि, हो, मुलींनाही वापरू द्यावी. एक भक्कम टेबल, एक शिकंजा, पान्यांचा एक संच आणि एक व्हर्नियर एवढे साहित्य पुरे. पेट्रोल आत ठेवू नये. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझविण्याचे एक यंत्र दाराशी असावे. त्या यंत्राचा खर्च मी देतो. पान्यांचा कोण देतो ते आताच सांगावे.