कॅस्लन की बास्करव्हिल?

इंग्रजी पुस्तकाची मांडणी करायला घेतली की मजकुराचा टाइप ठरवताना पुष्कळदा शेवटी दोन नावं उरतात, कॅस्लन आणि बास्करव्हिल. दोन्ही इंग्लंडची, दोन्ही अठराव्या शतकातली, दोन्ही सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना नाजूक पाय असलेली.

विल्यम कॅस्लननं लंडनमध्ये १७३४ साली आपल्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा नमुना-तक्ता छापला. त्याचं एकेक अक्षर भिंगाखाली धरा, थोडं ओबडधोबडच वाटेल. पण पानभर मजकूर लावला की डोळा कुठेही अडखळत नाही.

बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलनं आधी सुलेखन शिकवलं होतं, थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरली होती. तो सराव त्याच्या खिळ्यांत दिसतो. जाड रेघ ठसठशीत, बारीक रेघ केसासारखी. लहान 'जी'चा खालचा फास तर त्यानं चक्क उघडा सोडलाय! इतकी बारीक रेघ नीट उठावी म्हणून त्यानं शाई जास्त काळी केली आणि छापलेली पानं तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केली. १७५७ साली त्यानं छापलेलं रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक बाहेर पडलं.

त्याच्या टाइपावर टीकाही झाली. या बारीक रेघांनी देशभरातल्या वाचकांचे डोळे जातील, असं एक गृहस्थ अमेरिकन मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनला म्हणाले. फ्रँकलिननं कॅस्लनच्या तक्त्याचा नाव असलेला वरचा भाग फाडला आणि उरलेला कागद बास्करव्हिलचा म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. गृहस्थांनी त्यातले दोष भराभर दाखवले. जन्मभर ज्या टाइपात ते सुखानं वाचत आले होते, तोच तो टाइप! फ्रँकलिननं त्यांना खरं सांगितलं नाही. बास्करव्हिलला मात्र पत्रानं सगळं कळवलं.

म्हणून माझा आग्रह आहे की नाव झाकून निवडा. स्वतःच्याच पुस्तकातलं एक पान दोन्ही टाइपांत लावा, आणि पुस्तक ज्या कागदावर निघणार त्याच कागदावर, त्याच आकारात छापून घ्या. संगणकाच्या पडद्यावर मोठं करून पाहिलेलं अक्षर इथे उपयोगाचं नाही. आज एकाच नावाखाली अनेक आवृत्त्या मिळतात, आणि काहींत बास्करव्हिलची बारीक रेघ लहान आकारात पार विरून जाते.

जाड, खरबरीत कागदावरची लांबलचक कादंबरी असेल तर मी कॅस्लन घेईन. गुळगुळीत कागद, मोकळे समास आणि कविता असतील, तर बास्करव्हिल. फक्त ओळींमध्ये जागा सढळ हातानं सोडायची.