चिकूच्या गोड-तिखट चकत्या : घरच्या घरी

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागायतदार आणि महिला बचत गटांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अधिव्याख्याता. जमीन, पाणी आणि पीक यांचे गणित वर्गात शिकवणे हे माझे काम. तेव्हा हा माणूस आज आमच्या स्वयंपाकघरात कशाला शिरतो आहे, असे तुमच्या मनात आले असेल. कारण साधे आहे. बागेतले गणित शेवटी बाजारात सुटते किंवा बिघडते, आणि चिकूच्या बाबतीत ते बहुधा बारीक फळापाशी बिघडते.

घोलवडला १८९८ साली चिकूची लागवड झाली आणि तिथून हे फळ आपल्या किनारपट्टीवर पसरले. आपली मुख्य जात कालीपत्ती. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली मानांकनाचा चिकू इंग्लंडलाही गेला. नाव मोठे झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण चिकू नावावर थांबत नाही. झाडावरून उतरवलेले फळ चार-सात दिवसांत पिकते आणि पिकल्यावर दोन-तीन दिवसांत बसते. मोठे फळ दूरच्या बाजाराला जाते. बारीक फळ निवडीत मागे राहते. आवक वाढली की त्याच्या भावातून तोडणीची मजुरीही सुटत नाही, मग ते झाडाखालीच पडून राहते. तलासरीकडे ज्यांच्या घरामागे पाच-दहा झाडे आहेत, त्यांच्या मालाला तर गाडीही थांबत नाही.

हे फळ चवीला कमी नसते, फक्त आकाराला कमी असते. त्याच्या गोड-तिखट चकत्या घरी कशा कराव्यात, ते आज सांगणार आहे. साध्या चकत्या बोर्डी-घोलवडला अनेकजणी करतात व विकतात. मसाला लावून भाजलेली चकती ही त्याची पुढची पायरी. तिखट बाहेरून आणायला नको, वाणगावच्या बाजूला मिरची भरपूर आहे.

फळाची निवड

बारीक फळ चालेल, खराब फळ चालणार नाही. हा पहिला नियम. नासलेल्या फळाची सोय लावायची म्हणून चकत्या करू नयेत. छिद्र पडलेल्या फळात बी पोखरणारी अळी असण्याचा संभव असतो, असे फळ बाजूला काढावे.

फळ तयार झाले की नाही हे झाडावरच पाहावे. सालीवरचा तपकिरी भुसा हाताने सहज निघतो. नखाने हलके खरवडल्यास खाली पिवळसर रंग दिसतो, हिरवा दिसला तर फळ कोवळे समजावे. कोवळ्या फळात चीक व तुरटपणा असतो, आणि वाळल्यावर तुरटपणा अधिकच जाणवतो. तयार फळ घरात सावलीत पिकवावे. कार्बाइडचा वापर करू नये, त्याला कायद्याने बंदी आहे. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारे, पण सोलताना हातात न फुटणारे फळ चकत्यांसाठी उत्तम. फार मऊ झालेले फळ घरी खावे किंवा त्याचा मिल्कशेक करावा.

सोलणे व कापणे

फळे स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावीत, सोलावीत, बिया व मधला कडक भाग काढावा. हाताला थोडे खाद्यतेल लावले म्हणजे चीक चिकटत नाही. सुरी व ताटे स्टेनलेस स्टीलची घ्यावीत. लोखंडी सुरीने चिकूतल्या टॅनिनमुळे काप काळे पडतात. चकती ५ मिलिमीटर जाडीची ठेवावी. पातळ चकती ताटाला चिकटते, जाड चकती वरून वाळते आणि आतून ओली राहते. जाडी सगळीकडे सारखी असणे फार महत्त्वाचे आहे. एका ताटात दोन जाडीच्या चकत्या असतील तर काही जळतील आणि काही कच्च्या राहतील.

वाळवण

विजेवरचे वाळवणी यंत्र असल्यास ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात साधारण १० ते १४ तास लागतात. दर तीन तासांनी ताटे वर-खाली करावीत व चकत्या उलटाव्यात. सुरुवातीलाच उष्णता वाढवून घाई करू नये. तसे केल्यास वरचा थर कडक होतो आणि आतले पाणी आतच अडकते.

यंत्र नसेल तर हिवाळ्या-उन्हाळ्यातले ऊन वापरावे. जाळीने झाकलेल्या ताटांत किंवा प्लॅस्टिकच्या सौर वाळवणी पेटीत चकत्या ठेवाव्यात. दोन-तीन कडक उन्हे लागतात. सूर्य मावळण्यापूर्वी ताटे घरात घ्यावीत, कारण आपल्याकडे रात्रीची हवा समुद्रामुळे दमट असते आणि दिवसभर घालवलेले पाणी चकती पुन्हा ओढते. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर हे काम हाती घेऊ नये.

चामड्यासारखी लवचिक आणि दाबल्यावर पाणी न सोडणारी चकती मसाल्यासाठी तयार समजावी.

गोड-तिखट मसाला व भाजणी

एक किलो वाळलेल्या चकत्यांसाठी पुढील प्रमाण घ्यावे :

गूळ १५० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, तीन लिंबांचा रस, लाल तिखट २० ग्रॅम, काळे मीठ १५ ग्रॅम, सुंठ पूड ५ ग्रॅम.

गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, गुळात कचरा असतो. मंद आचेवर किंचित दाट होईपर्यंत उकळावा, पण पक्का पाक करू नये. खाली उतरवून कोमट झाल्यावर लिंबाचा रस, तिखट, मीठ व सुंठ घालावी. तिखट उकळत्या पाकात टाकल्यास करपट लागते. हे मिश्रण चकत्यांना हलक्या हाताने चोळावे, अर्धा तास मुरू द्यावे आणि चकत्या एकेरी थरात ताटात पसराव्यात.

आता पुन्हा ६० अंशांवर दोन ते तीन तास वाळवाव्यात. बोटाला चिकटेनाशा झाल्या की ओव्हनमध्ये १०० अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजाव्यात. या वेळात ओव्हनसमोरून उठू नये. गूळ आणि चिकूची साखर करपू शकते आणि करपलेली चकती कडू लागते. लहान मुलांसाठी तिखट निम्मे करावे, मात्र लिंबू कमी करू नये. चिकूत आंबटपणा जवळजवळ नसतो, लिंबाशिवाय चव सपाट लागते.

साठवण

इथे माझी एक चूक सांगतो. एका जुलै महिन्यात प्रात्यक्षिकासाठी केलेल्या चकत्या मी गरम असतानाच पिशव्यांत भरल्या. पाहुणे यायचे होते, घाई होती. आतल्या वाफेचे पाणी झाले आणि आठ दिवसांत पिशव्यांत बुरशी दिसली. ज्या भगिनींनी दोन दिवस खपून ते काम केले होते, त्यांच्यासमोर सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला. यंत्र चांगले होते, फळ चांगले होते, मसाला चांगला होता. अर्ध्या तासाचा धीर तेवढा नव्हता.

म्हणून चकत्या पूर्ण थंड कराव्यात. नंतर काचेच्या कोरड्या बरणीत तीन-चतुर्थांश भरून आठवडाभर ठेवाव्यात व बरणी रोज हलवावी. काचेला आतून दव दिसले तर चकत्या पुन्हा वाळवाव्यात. दव दिसले नाही तरच हवाबंद पिशव्यांत भराव्यात. बुरशी आलेली चकती पुसून किंवा भाजून वापरू नये, फेकून द्यावी.

हिशेब

दहा किलो पिकलेल्या फळातून साल, बिया व गाभा काढल्यावर सुमारे आठ किलो गर उरतो. त्यात तीन-चतुर्थांश पाणी असते. म्हणजे घन भाग दोन किलो, आणि राहिलेला थोडा ओलावा धरून सव्वादोन किलोच्या आसपास वाळलेल्या चकत्या मिळतात. एक किलो चकत्यांना साडेचार किलो फळ लागते, हे लक्षात ठेवावे.

या साडेचार किलोला बारीक फळाचा त्या दिवशीचा भाव लावावा. वीज मोजावी : एक किलोवॅटचा हीटर सलग १२ तास चालला तर १२ युनिट जळतात. म्हणून शक्य असेल तेव्हा पहिले पाणी उन्हात काढून शेवटची वाळवण यंत्रात करणे स्वस्त पडते. गूळ, मिरची, पिशवी, वाया जाणारा माल धरावा. आणि घरच्या बायकांची मजुरी धरावी. ती धरली नाही तर वहीत नफा दिसतो आणि प्रत्यक्षात कोणीतरी फुकट राबलेले असते. हा सर्व खर्च वजा जाऊन पैसे उरत असतील, तरच धंदा म्हणून हे करावे. नाहीतर घरच्यापुरते करावे, त्यातही कमीपणा नाही.

विक्री

विक्री करायची असल्यास अन्न सुरक्षेची नोंदणी आधी घ्यावी. पिशवीवर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व नोंदणी क्रमांक छापावा. मानांकनाचे नाव व चिन्ह वापरायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदलेले असावे लागते. बोर्डीचा चिकू महोत्सव, किनाऱ्यावर येणारे पर्यटक आणि तलासरीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, ही गिऱ्हाइके आपल्या दाराशी आहेत. मधुमेही गिऱ्हाइकाला मात्र स्पष्ट सांगावे की एक किलो चकत्यांत साडेचार किलो फळाची साखर आहे, वर गूळ वेगळा.

बंधूंनो व भगिनींनो, चकत्यांनी चिकूचा भाव वाढेल असे मी म्हणणार नाही. एका घरातून मोसमात फार मोठा माल निघणार नाही. पण भाव पडलेल्या आठवड्यात झाडाखाली सडणारे चार टोपल्या फळ घरात पैसा किंवा निदान खाऊ होऊन येऊ शकते, एवढे नक्की. सुरुवात दहा किलोनेच करावी. वजने वहीत लिहावीत, चव शेजाऱ्यांना दाखवावी आणि दुसरा घाणा पहिल्यातल्या चुका पाहून घालावा.