पाटीच्या आधीचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला, आणि नोकरीची बहुतेक सर्व वर्षे महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक शाळांत, त्यातही पहिली-दुसरीच्या मुलांत घालविलेला मी एक साधा शिक्षक आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता, अनुभवाचे बोल म्हणून माझे बोलणे ऐकून घ्यावे.

महाड येथे मंडळाच्या वतीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग काढावा, अशी सूचना यंदा आपल्यापुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे. आजवर आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ देत आलो. झाडाला फळ धरल्यावर त्याचे कौतुक करणे सोपे असते. रोपाला पाणी घालण्याचा विचार मंडळाने प्रथमच केला आहे. परंतु या सूचनेवर झालेल्या चर्चेत एक वाक्य मी वारंवार ऐकले : “सहा महिन्यांत मूल शंभरपर्यंत आकडे लिहील आणि इंग्रजी बोलेल, अशी नर्सरी काढा.” या वाक्यानेच मला आज उभे केले आहे.

प्रथम माझा एक अपराध सांगतो. नोकरीच्या आरंभी पोलादपूर तालुक्यातील एका डोंगरवाडीवर एकशिक्षकी शाळेत माझी नेमणूक होती. दुसरीतील एक हुशार मुलगी आपल्या चार वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येई, कारण आईबाप रानात कामाला जात. तो पोरगा कोपऱ्यात बसून चिंचोक्यांशी खेळत असे. मला वाटले, बसला आहे तर दोन अक्षरे शिकेल. मी त्याच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. त्याच्या बोटांना ती धरवेना. मी चार दिवस धीर धरला आणि पाचव्या दिवशी त्याच्या हातावर छडी मारली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची बहीणही आली नाही. मी घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “गुरुजी, शाळेचं नाव काढलं की धाकटा रडतो. त्याला टाकून ही येणार कशी?” ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. एका छडीने मी दोन मुले शाळेबाहेर काढली. हजेरीपटावरील ते नाव आजही माझ्या डोळ्यांपुढून हालत नाही.

त्या पोराचा काय दोष होता? चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे व बोटांचे स्नायू अजून पक्के व्हायचे असतात. ते पक्के होतात माती मळून, मणी ओवून, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून. तो चिंचोक्यांशी खेळत होता, तेच त्याचे शिक्षण होते. मी ते थांबविले, आणि त्याला शिकवितो आहे असे समजलो.

पुढे मला समजले, की ज्या प्रश्नापुढे मी हरलो, तो प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातील दोन स्त्रियांनी फार पूर्वी सोडविला होता. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरते हे शिक्षण राहू नये, म्हणून १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

प्रारंभी मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. कोसबाडच्या वारली मुलांचे प्रश्न आणखी निराळे होते. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळत, मुले गुरे राखत. यावर या दोघींनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत आणि ताई वर्गात! गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. हे मी प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या वाडीवर एक पाळणा असता, तर ती मुलगी शिकली असती.

साधनांचीही गोष्ट तशीच. डॉ. मारिया माँटेसरी यांची साधने मोलाची. खेड्याला ती परवडणारी नव्हती. ताराबाई-अनुताईंनी शिंपले, खडे, बिया, पाने यांतून साधने केली. येथे हेही ध्यानी घ्यावे, की माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, कामकऱ्यांच्या मुलांसाठी उघडले होते. आज त्यांचे नाव पाटीवर रंगवून भारी शुल्क घेणारे वर्ग पाहिले, म्हणजे मूळ हेतू किती दूर राहिला, असे मनात येते.

अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण हेही तिचे काम आहे. ती केवळ खिचडी वाटण्याची जागा नव्हे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने झटावे, असे अनुच्छेद ४५ मध्ये आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि तो खेळातून, शोधातून शिकण्याचा असावा असे म्हटले आहे. तात्पर्य, मी सांगतो तो एका म्हाताऱ्या मास्तराचा हट्ट नव्हे.

आता इंग्रजीविषयी. पालकांची ओढ मी समजू शकतो. आपली मुले औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईस नोकरीला जाणार. त्यांना इंग्रजी आलेच पाहिजे. ते गाण्यांतून, वस्तूंच्या नावांतून कानावर अवश्य पडावे. परंतु मुलाला भूक लागली, भीती वाटली, शंका आली, तर ते जिच्यात बोलते, ती भाषा शाळेने हिरावून घेऊ नये. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या आळीतील लहान मुले ‘पूर आला’ हाच खेळ खेळत होती : कोणी माळ्यावर चढे, कोणी धान्याचा डबा वाचवी, कोणी आजीला हाका मारी. मोठ्यांना जे बोलवत नव्हते, ते ही मुले खेळातून बोलत होती. त्या वेळी त्यांना कोणी “मराठी बोलू नका” म्हटले असते, तर ती भीती कोठे गेली असती?

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या बालवर्गात पहिली दोन वर्षे लेखन नसावे, परीक्षा नसावी, घरचा अभ्यास नसावा. सावित्रीच्या पात्रातील गोटे, सागरगोटे, चिंचोके, भाताच्या लोंब्या, नाचणीचे दाणे ही आपली साधने. मुलांनी मोजावे, निवडावे, रचावे, गोष्ट ऐकावी आणि स्वतःची गोष्ट सांगावी. शिक्षिका मात्र प्रशिक्षित असावी आणि तिला सन्मानाचे वेतन द्यावे. इमारतीच्या रंगापेक्षा तो खर्च अधिक मोलाचा.

दुसरी, सर्व निधी महाडच्या एका वर्गावर खर्च करू नये. पोलादपूरच्या वाड्यांवर पावसाळ्यात ओढे भरले, की चार वर्षांचे मूल वाडीबाहेर जाऊ शकत नाही. त्या वाड्यांतील अंगणवाड्यांना निम्मा निधी द्यावा. सतरंज्या, चित्रांची पुस्तके, खेळणी, गळके छप्पर दुरुस्त करण्यास मदत, अशी कामे ग्रामपंचायतीला व अंगणवाडीताईंना विचारून करता येतील. मुंबईकर बंधूंनी शिमग्याला गावी याल तेव्हा एकदा तेथे डोकवावे.

तिसरी विनंती करताना थोडा संकोच होतो, परंतु बोलणे भाग आहे. हा बालवर्ग केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावा. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जे पाणी सर्वांचे, ते सर्वांना मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या गावात आपण मुलांच्या ज्ञानाच्या पाणवठ्याला कुंपण घालावे काय? तीन वर्षांच्या मुलाला जात ठाऊक नसते. ती त्याला आपण शिकवितो. निदान आपल्या पैशाने तरी ती शिकवू नये. पैसा मंडळाचा असो, अंगण सर्वांचे असो. त्यात मंडळाची शोभाच आहे.

माझ्या आरंभीच्या त्या विद्यार्थिनीला आज नातवंडे असतील. त्यांपैकी एखादे आपल्या बालवर्गात किंवा वाडीवरील अंगणवाडीत येऊन बसले, आणि कोणी त्याच्या हाती पाटीऐवजी मूठभर चिंचोके दिले, तर माझे जुने देणे थोडे फिटले असे मी समजेन.