आधी पाण्याला वाट द्या



मे महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात एखादी जुनी गाडी कडेला उभी दिसते. बॉनेट उघडं, वाफेचा लोट, शेजारी हातात बाटली घेतलेला मालक आणि झाडाच्या सावलीला बसलेली मंडळी. येणारा-जाणारा म्हणतो, 'जुनी गाडी, तापणारच!' आज मला या 'तापणारच'बद्दल बोलायचं आहे. गाडी जुनी आहे म्हणून ती तापलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

मी मेकॅनिक नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. पण माझ्या थोरल्या भावाच्या मागे त्याची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली आणि तिच्या तापाने मला बरंच काही शिकवलं. ती विकावी, असं घरात सगळ्यांचं मत होतं. भाभी मात्र म्हणाल्या, "मे महिन्यात मला हिच्यातनं पाचगणीला नेऊन दाखव. घाटात उतरून ढकलायला लागली, तर खुशाल विकून टाक." पाचगणी हे त्यांचं माहेर. वाईपासून तिथवर दहा-बारा किलोमीटरांत पाचशे मीटरच्या वर चढ आहे. भावाची आठवण घरात राहणार की भंगारात जाणार, हे त्या चढावर ठरणार होतं.

या गाडीचा मूळ घाट इटलीचा. फियाट ११०० चं हे रूप तिथे १९५३ साली बाजारात आलं. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते बनवलं आणि १९७४ पासून ही गाडी 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन अवघं १०८९ सीसीचं, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ही गाडी कित्येक दशकं उन्हात, गर्दीत, सिग्नलला उभी राहून चालली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ साली झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की ज्या गाडीने मुंबईचा उन्हाळा इतकी वर्षं काढला, तिची थंड राहण्याची व्यवस्था मुळात अपुरी नव्हती. कारखान्यातून निघाली तेव्हा ती घाट चढत होती. आज चढत नसेल, तर तिचं काहीतरी कमी झालं आहे. ते तिला परत द्यायचं. नवं काही जोडण्याचा विचार त्यानंतर.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामाला येते. उरलेल्यातला मोठा वाटा धुरातून बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप पाणी फिरवतो. ते इंजिनाभोवतीच्या पोकळीतून तापून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरतं. नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून वारा जातो आणि पाणी निवतं. म्हणजे वाटा दोन, एक पाण्याची आणि एक वाऱ्याची. गाडी तापते तेव्हा यांपैकी एक वाट अडलेली असते, बऱ्याचदा दोन्ही.

कोणती अडली, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की निवते, तर दोष बहुधा वाऱ्याचा. पंखा, त्याचा पट्टा, रेडिएटरची जाळी तपासावी. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल, तर संशय पाण्यावर घ्यावा. नळ्या, पंप, नळ्यांना जोडणारे रबरी होज बघावेत.

आमची गाडी चढावर तापायची. ओळखीतल्या एकाने सुचवलं, मोठा विजेचा पंखा बसवा. दुसरा म्हणाला, दुसऱ्या गाडीचा जाड रेडिएटर बसवा. मी रेडिएटर काढून साताऱ्यातल्या एका जुन्या कारागिराकडे नेला. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. चाचांनी रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं, तांबडा गाळ अंगठ्यावर घासला आणि म्हणाले, "बेटा, पंखा मोठा करून काय होणार? आधी पाण्याला वाट दे."

त्यांनी ज्योतीने डाग सोडवून वरची पितळी टाकी काढली. आतल्या नळ्यांची तोंडं उघडी पडली, तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा बुजलेला निघाला. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा. आमच्या विहिरीचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच गाडीत ओतलं गेलेलं. त्या पाण्यातले क्षार आणि इंजिनातल्या बिडाचा गंज मिळून नळ्यांत दगड झाला होता. हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहतो, म्हणून पातळ असला तरी नडतो. चाचांनी चपट्या सळईने एकेक नळी मोकळी केली. बाहेरच्या जाळीत अडकलेले किडे, धूळ, वाळका पाला इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढला. वाकलेले पत्रे हळूच सरळ केले. दोन ठिकाणी क्षारांनीच भोकं बुजवून ठेवली होती. ती आता गळू लागली, म्हणून तिथे डाग दिले. जुना रेडिएटर साफ करताना ही तयारी ठेवावीच लागते.

इकडे घरी इंजिनाच्या अंगावरची पाणी सोडायची तोटी उघडली, तर थेंब पडेना. तारेने टोकरल्यावर आधी चिखल आला, मग पाणी. गाळ बसतो तो मागच्या सिलिंडरच्या तळाशी, कारण तिथे पाणी मंद असतं. नुसता रेडिएटर धुवून इंजिन तसंच ठेवलं, तर तो गाळ महिन्याभरात पुन्हा रेडिएटरमध्ये येतो.

मग पाहिला थर्मोस्टॅट. हा मेणाच्या प्रसरणावर चालणारा छोटा दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद राहतो, तापलं की उघडतो. भावाच्या हयातीतच एका गॅरेजने तो काढून टाकला होता, 'गरम देशात याचं काय काम?' म्हणून. हा समज आपल्याकडे फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी बराच वेळ गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेनेच परत फिरतं आणि गाडी जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावं. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडायला हवा.

रेडिएटरच्या झाकणाला आपण नुसतं झाकण समजतो. पण त्याची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. दर चौरस इंचामागे एक पौंड दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. डोंगरावर याचं मोल कळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर गेलेली गाडी जसजशी वर चढते, तसतशी उकळण्याच्या जवळ जाते. नवं झाकण घेताना गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबाचंच घ्यावं. जास्त दाबाचं बसवलं तर जुने डाग उकलतात.

खालचा होज हाताने दाबून पाहिला, तो मऊ पडला होता. पंपाच्या ओढीने असा होज आत चपटा होतो आणि इंजिन वेगात असताना नेमकं पाणी अडतं. तो बदलला. पंख्याचा पट्टा ताणून घेतला. अंगठ्याने दाबला तर अर्धा इंचभर दबावा, एवढा ताण पुरे. रेडिएटर आणि पत्र्यामधल्या फटी रबराच्या पट्टीने बुजवल्या, कारण वारा सोपी वाट शोधतो. फट दिसली की जाळी सोडून तिथूनच जातो.

शेवटी इग्निशनचं टायमिंग. ठिणगी उशिरा पडत असेल, तर उष्णता कामाला न लागता इंजिनाच्या डोक्यात आणि धुराच्या नळीत साठते. कार्बुरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल, तरी इंजिन तापतं. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. जुना कार्बुरेटर स्वतःहून त्याच्याशी जुळवून घेत नाही, मिश्रण पातळ होतं. तेव्हा जाणकाराकडून ते तपासून घेणं आता अधिकच गरजेचं झालं आहे.

पाणी भरताना विहिरीचं, बोअरचं भरू नये. डिस्टिल्ड वॉटर घ्यावं आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावं. उष्णता वाहण्यात साधं पाणीच सरस. पण कूलंटमुळे गंज थांबतो आणि उकळणंही लांबतं. इंजिनात वेगळं एअर कंडिशनर जोडलं असेल किंवा शक्ती वाढवली असेल, तर मोठ्या रेडिएटरचा, जादा पंख्याचा विचार रास्त आहे. मात्र डायनॅमो असलेल्या गाडीत विजेचा पंखा बसवताना तेवढी वीज तयार होते का, हे आधी पाहावं.

हे सगळं करण्यात तीन रविवार गेले. खर्च नव्या पंख्याहून कमी आला. मे महिन्यात भाभींना घेऊन घाट चढलो, तेव्हा काटा मध्याच्या जरा वर जाऊन थांबला. हॅरिसन्स फॉलीचा फाटा आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काच खाली कर, वारा छान आहे." गाडी विकायची भाषा त्यानंतर घरात निघाली नाही.

तापाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, तेही सांगतो. या इंजिनाचं अंग बिडाचं आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गाडी उकळत असताना 'वर पोहोचू, मग बघू' म्हणत रेटली, तर हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, मागून पांढरा धूर येतो, ऑइल दुधी होतं. तेव्हा काटा वर जाताच थांबावं, इंजिन बंद करावं, अर्धा-पाऊण तास निवू द्यावं. गरम झाकण कधीही उघडू नये, दाबाखालचं पाणी तोंडावर उसळतं. तापलेल्या, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नये, धातू तडकतो.

आणि एक विनंती. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. बिघडले की बहुधा बदलायचेच. पितळ-तांब्याला डाग देणारे हात त्यामुळे कमी होत चालले आहेत. चाचांच्या दोन्ही मुलांनी दुसरा धंदा धरला आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर पावसाळा संपताच रेडिएटर काढा आणि अशा कारागिराकडे घेऊन जा. टाकी उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा, विचारा, बघा. घरातल्या तरुण पोरालाही सोबत न्या. ते काम बघून कुणाला शिकावंसं वाटलं, तर तुमच्या गाडीइतकाच त्या दुकानालाही त्याचा उपयोग होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)